छत्रीचा पासवर्ड

दुसऱ्याचा जुना कॉम्प्युटर उघडणं आणि दुसऱ्याचा जबडा उघडून दात बघणं, दोन्ही एकच. दातांच्या डॉक्टरचा पेशंट निदान लाजून तरी बसलेला असतो. माझी गिऱ्हाइकं लाजत नाहीत. कॅबिनेटमधून मूठभर केस निघाले तर वर मलाच विचारतात, "हे कुठून आलं हो?" एकवीस वर्षं मी दुरुस्तीचं दुकान चालवतेय. लोक म्हणतात, किळस हळूहळू मरते. काही मरत नाही.

परवा शनिवारी गेले ती सख्ख्या भावाकडे. दादा एका मोठ्या गोदामात सुपरवायझर आहे. कोण किती खोकी उचलतं, कोण कितीदा पाणी प्यायला जातं, हे बघायचा त्याला पगार मिळतो. शुक्रवारी त्याचा फोन आला.

"चिमटे, घरचं मशीन फार रखडतंय. माझे मेल उशिरा येतात. येऊन जरा वेग वाढव."

"नवीन घे की आता. बारा वर्षांचं झालं ते."

"चालतंय अजून. आणि हे बघ, बाकी कशाला हात लावू नकोस. फक्त वेग."

मेल तो मोबाइलवर वाचतो. मग घरचं मशीन रखडल्यावर त्याचे मेल का अडावेत, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.

लहानपणी मी येता-जाता चिमटे काढायचे, म्हणून घरात माझं नाव चिमटी पडलं. वहिनीसुद्धा मला चिमटीच म्हणायची. ती लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला टायपिंग शिकवलं होतं आणि वर्षभरात ती माझ्या पुढे गेली होती. तीन वर्षांपूर्वी मात्र तिने एकदम 'वन्सं' म्हणायला सुरुवात केली. 'तुम्ही' आलं, 'बसा' आलं. वन्सं कोण म्हणतं हल्ली? मला वाटलं, मुलगा होस्टेलला गेला, घर मोकळं झालं, बाईसाहेबांना शिंगं फुटली. मीही काही कमी नाही. मी जाणंच कमी केलं.

शनिवारी पावणेदोनला तिने दार उघडलं तेव्हा गळ्यात हेडफोन होता.

"या वन्सं. चार वाजता माझी परीक्षा आहे. तोवर होईल का हो?"

"कसली परीक्षा?"

तिने घाईघाईने सांगितलं. डॉक्टर पेशंट तपासल्यावर आपली टिपणं बोलून ठेवतात. ती ऐकून टाइप करणारी माणसं एका कंपनीला हवी आहेत, घरबसल्या. तासाभराची परीक्षा, तीन संधी. दोन वेळा मशीन मध्येच अडकलं आणि दोन्ही संधी गेल्या. आज तिसरी. आज अडकलं तर कंपनी नाव कायमचं काढून टाकणार.

"दादा काय म्हणतो?"

"ते म्हणतात, मशीनला नावं ठेवू नकोस, तुझ्यानेच होत नाही." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे काम मला हवंय."

तिच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. 'मला हवंय' असं तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

मशीन स्वयंपाकघराला लागून असलेल्या लहान खोलीत, टेबलाखाली कोंबलेलं होतं. मी ते ओढून बाहेर काढलं, झाकण काढलं आणि मान फिरवली. तळणाचा धूर, ओलसर धूळ आणि झुरळांचा तो गोडूस वास, तिन्ही एकदम नाकात गेले. पंख्याच्या पात्यांवर बोटभर जाडीचा राखाडी थर. एका कोपऱ्यात झुरळाच्या अंड्यांची टरफलं, वायरींच्या गुंत्यात पालीची वाळलेली शेपटी. नुसती शेपटी. पाल कुठे गेली याचा मी विचार केला नाही. ब्रश आणि ब्लोअर घेऊन सगळं गॅलरीत नेलं, तोंडाला ओढणी बांधली आणि दादाच्या नावाने खडे फोडत साफ केलं.

मग कीबोर्ड उलटा करून आपटला. त्यातून नखं पडली. पिवळट, जाड, पायाची नखं.

"शी! हे कुणाचं?"

"त्यांची. रविवारी बसतात इथे दोन-तीन तास. एकीकडे नखं काढतात, एकीकडे बघतात."

"काय बघतो?"

वहिनीने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि केरसुणी आणायला गेली. मला वाटलं, क्रिकेट बघत असेल.

सव्वादोनला मशीन सुरू केलं. स्क्रीन यायलाच सहा मिनिटं लागली. आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती कोण काय खातंय ते बघण्याची. लोक हे कधी बघत नाहीत. मशीन हळू झालं की म्हातारं झालं म्हणतात. म्हातारं होऊन मशीन हळू होत नाही, त्याच्या अंगावर बसून खाणारे वाढलेले असतात. डिस्क म्हणजे कपाट आणि मेमरी म्हणजे ओटा. कपाट कितीही मोठं असलं तरी काम ओट्यावर होतं. ओटा भरला की मशीन एक भांडं उचलून कपाटात ठेवतं, दुसरं काढतं, परत पहिलं काढतं. कपाटही गच्च भरलेलं असेल तर मग नुसती भांड्यांची आदळआपट, स्वयंपाक काही नाही.

इथे ओटा चौऱ्याण्णव टक्के भरला होता. कपाटात पाचशेपैकी दोन जीबी जागा उरली होती.

आणि ओट्यावर काय होतं म्हणता? वेग वाढवून देतो म्हणणारे पाच प्रोग्राम. पाच! दादाने एकेक जाहिरात बघून घातलेले. मशीन चालू झालं की पाचही उठत आणि वेग वाढवण्यासाठी वेग खात बसत. दोन अँटिव्हायरस, एका दारावर दोन कुत्री बांधावीत तसे एकमेकांवरच भुंकणारे. चार वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम अजून प्रिंटर शोधत होता. ब्राउझरच्या माथ्यावर जाहिरातींच्या तीन पट्ट्या. कचऱ्याच्या डब्यात अठरा जीबी, कारण टाकलं की गेलं असं या घरात सगळ्यांना वाटतं. मी एकेक उपटत गेले. मशीनबरोबर आपोआप सुरू होणारी तेवीस कार्टी होती, त्यातली चार ठेवली. चिकट काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटून मी मध्ये दोनदा उठून हात धुऊन आले.

तीनला ओटा सत्तरवर आला. पण अजून काहीतरी होतं. दर दहा सेकंदांनी डिस्क शंभर टक्क्यांवर उडी मारायची, क्षणभर सगळं थिजायचं, मग सुटायचं. मी घड्याळ लावून पाहिलं. बरोबर दहा सेकंद.

यादीत वरच एक नाव होतं, 'सिस्टिम साहाय्यक'. एकटं पाऊण जीबी खात होतं. स्वतःला सिस्टिम म्हणवणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. ते कुठून चालतंय ते शोधत गेले आणि फोल्डर उघडल्यावर समोर एक चिन्ह आलं. लाल छत्री.

छत्री मला चांगली ठाऊक होती. मीच आणली होती ती या घरात. सहा वर्षांपूर्वी, भाचा बारा वर्षांचा असताना. पोरगं शाळा बुडवून गेम खेळायचं म्हणून दादाने विचारलं आणि मी हा प्रोग्राम लावून दिला. मुलांवर लक्ष ठेवणारा. दर दहा सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढतो, काय टाइप केलं ते टिपतो आणि संध्याकाळी आईबापांना मेल पाठवतो. त्यावर्षी मी दुकानातून बऱ्याच लोकांना तो लावून दिला. जाहिरातीत मूल, आई आणि पाऊस होता.

पण मूल तर तीन वर्षांपूर्वी होस्टेलला गेलं. दोनशे दहा जीबी फोटो होते. मग हे कुणाचे?

फोल्डरने पासवर्ड विचारला. आता इथे माझी एक घाण सांगते. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवणाऱ्या गिऱ्हाइकांना मी चारचौघांत झापते. आणि मी स्वतः जिथे जिथे छत्री लावली, तिथे एकच पासवर्ड दिला, म्हणजे मला लक्षात ठेवायला नको. माझं टोपणनाव आणि आमच्या जुन्या घरच्या फोनचे शेवटचे चार आकडे. दादाने एवढ्या वर्षांत बदलला असेल म्हणून मी दुसरेच शब्द घालून पाहिले. त्याचं नाव, भाच्याचा वाढदिवस, गाडीचा नंबर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी आपला घातला आणि उघडलं.

मी तीन फोटो पाहिले, दोन अगदी सुरुवातीचे, तीन वर्षांपूर्वीचे, आणि एक अलीकडचा. पहिल्यात वहिनीने तिच्या बहिणीला लिहिलेलं पत्र होतं, अर्धं. दुसऱ्यात ती कसल्याशा गाठीबद्दल वाचत होती, छातीतल्या, आणि हे तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं हे मी पैजेवर सांगते. तिसरा होता तिच्या पहिल्या परीक्षेचा. पानावर लिहिलं होतं, 'रुग्णाला श्वा'. तिथेच मशीन अडकलं होतं. पुढचा फोटो तोच. त्याच्या पुढचाही तोच. 'रुग्णाला श्वा', 'रुग्णाला श्वा', असे एकशे चार फोटो. सतरा मिनिटं ती बाई त्या अर्ध्या शब्दासमोर बसून होती, आणि जिच्यामुळे मशीन अडकलं होतं तीच छत्री दर दहा सेकंदांनी तिचा फोटो काढत होती. कुंपणच शेत खात होतं, वर खाल्ल्याची पावती दादाला पाठवत होतं.

पत्र पुढे वाचायला माझा हात शिवशिवला, हेही सांगते. आपल्याबद्दल काही लिहिलंय का, हे बघायला. तेवढ्यासाठी मला स्वतःच्या हाताची किळस आली. मी फोल्डर बंद केला.

आणि मग तो फोन आठवला. तीन वर्षांपूर्वीचा. दुपारी मी दुकानात डबा खात होते. दादा म्हणाला, "अगं, ती छत्री दुसऱ्या अकाउंटवर कशी लावायची?" मी घास चावत चावत सांगितलं. इथे दाब, तिथे टिक कर, नाव बदलायचं असेल तर असं बदल. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं दहा मिनिटांत सगळं करवून घेतलं, आणि भावाला एवढं जमलं म्हणून कौतुकही केलं. मला तेव्हा काही कळलं नाही असं मी आता म्हणेन. पण त्या मशीनवर अकाउंटं होती तीन. भाच्याचं, दादाचं आणि वहिनीचं. भाचा गेला होता. दादा स्वतःवर पाळत ठेवणार नव्हता. उरलं कोण, हे पहिलीतल्या पोराने सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कळलं असतं.

"वहिनी," मी हाक मारली, "इकडे ये."

ती केरसुणी हातात घेऊन दारात उभी राहिली. स्क्रीनवर लाल छत्री होती. तिने ती पाहिली आणि तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"तुला माहीत होतं?"

"आता नाटक कशाला, वन्सं? तुमच्याच पासवर्डने चालते ना ती?"

"मला माहीत नव्हतं, कुणावर..."

"तीन वर्षांपूर्वी मी माझ्या बहिणीला काय लिहिलं, ते यांनी मला जेवताना शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. मी म्हटलं, काढा ते. तर म्हणाले, चिमटीने लावून दिलंय, किल्ली तिच्याकडे आहे. तिलाही वाटतं, तुझ्यावर लक्ष असलेलं बरं."

"मी असं कधी म्हटलं नाही. आईची शपथ, वहिनी."

"नसेल म्हटलं. पण किल्ली होती ना?"

"मग मागायची होतीस माझ्याकडे!"

"चोराकडे किल्ली मागतात का कुणी?"

मला जन्मात कुणी चोर म्हटलं नव्हतं. पावणेचार होत आले होते. मी पासवर्ड घालून छत्री बंद केली आणि मुळापासून काढली. ओटा अडतीसवर आला. दहा सेकंद गेले, वीस गेले, डिस्क शांत.

"ते फोटो?" तिने विचारलं.

"पुसते. आत्ता पुसते सगळे."

"पुसायचे नाहीत. मला हवेत."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. दादा. छत्री बंद झाली की आईबापांना मेसेज जातो. ही सोय मीच त्याला समजावून सांगितली होती.

"चिमटे, काय केलंस तू? तुला वेग वाढवायला बोलावलं होतं!"

"तोच वाढवला. तुझे मेल उशिरा येत होते ना? आता येणारच नाहीत."

"माझ्या घरात तू ढवळाढवळ करायची नाही. परत लाव ते. मी येतोय."

त्याचं गोदाम वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. मी वहिनीला म्हटलं, "तू बस." तिने खुर्ची ओढली, कीबोर्ड आपल्या पदराने एकदा पुसला आणि हेडफोन कानावर घेतला. चारला पान उघडलं. मी खोलीबाहेर आले, दार लोटलं आणि दारासमोर स्टूल घेऊन बसले. आतून टाइप केल्याचा आवाज यायला लागला. मी टायपिंग शिकवलेली माणसं आवाजावरून ओळखते. ती न थांबता लिहीत होती.

चार वीसला दादा आला. बूट न काढताच.

"ऊठ."

"परीक्षा चालू आहे. पाचला संपेल."

"माझ्या घरात मला अडवतेस? तूच लावून दिलीस ना ती? दहा मिनिटं फोनवर शिकवत होतीस, तेव्हा नाही आठवलं? आता आलीय शहाणी!"

खोटं होतं त्यात? काही नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याच्या अंगाला गोदामाच्या पुठ्ठ्यांचा वास येत होता आणि मला त्या नखांची आठवण झाली. मी म्हटलं, "हो, मीच शिकवलं. म्हणून तर बसलेय इथे. मला उचलून बाजूला कर आणि जा."

"मी तिच्या भल्यासाठीच करत होतो. घरात एकटी असते ती. कुणाशी बोलते, काय करते, कळायला नको?"

"तिला विचारायचंस."

"विचारल्यावर खरं सांगतात का बायका?"

हे त्याने मोठ्याने विचारलं. दार नुसतं लोटलेलं होतं, हेडफोन असूनही आत ऐकू गेलं असणार. आतला आवाज क्षणभर थांबला. वाटलं, अडकलं मशीन. किंवा ती रडते आहे. मग आवाज पुन्हा सुरू झाला, आधीच्याच वेगाने. दादा सोफ्यावर जाऊन बसला आणि पाय हलवत राहिला. मी चाळीस मिनिटं स्टुलावरून हलले नाही.

पाचला दार उघडलं. वहिनी म्हणाली, "पोचलं. एकदाही अडकलं नाही. निकाल सोमवारी."

ती दादाकडे वळलीही नाही. खाली वाकून तिने मशीनच्या वायरी काढायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" दादा उठला.

"फोटो कॉपी करून घ्यायला मशीन वन्संच्या दुकानात नेतेय. मीही जातेय." तिने कीबोर्ड काखेत मारला. "आज रात्री बहिणीकडे राहीन. काय करते ते कळावं म्हणून सांगून ठेवते."

दादा माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी खाली वाकून कॅबिनेट उचललं.

दुकानात मी एक मोठी डिस्क जोडली आणि कॉपी लावली. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. वहिनी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली होती, कीबोर्ड मांडीवर. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, चार शब्द बोलले आणि मलाच ते गिळगिळीत वाटले. ती ऐकत नव्हतीच. तिची नजर माझ्या फळीवर होती, जिथे मी कुठल्या घरी काय बसवलं ते लिहून ठेवलेल्या वह्या आहेत.

"ती छत्री," ती म्हणाली, "तू किती घरांत लावलीयस?"

"आठवत नाही. मोजलं नाही कधी."

"मोज."

मी वही काढली. पहिल्याच वर्षाची सदतीस घरं निघाली. सगळीकडे पासवर्ड तोच. वहिनीने दुकानाचा फोन माझ्या पुढ्यात सरकवला आणि मी पहिला नंबर लावला. एका बाईने उचलला.

"कॉम्प्युटर दुरुस्तीवाली बोलतेय," मी म्हटलं. "तुमच्या घरी सध्या मशीन कोण वापरतं?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं. मग ती बाई अगदी हळू आवाजात म्हणाली, "मीच. पण आत्ता ते घरात आहेत."